उरलेले नव्वद किलोमीटर

*सर, मी ४४ वर्षांची, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. लॉकडाऊनमध्ये मुलीची गिअरची सायकल बाहेर काढली, ती परत आत गेलीच नाही. पंढरपूरची सायकल वारी झाली, मग ग्रुपच्या नादाने २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड), मग ३००. डिसेंबरात ४०० ला उभी राहिले. नाशिकहून धुळ्याच्या पुढे जाऊन परत यायचं होतं. परतीला मालेगाव मागे पडलं आणि राहुड घाटाच्या अलीकडे, ३१० किलोमीटरला, रात्री अडीचच्या सुमाराला चालत्या सायकलवर डोळा लागला. जाग आली ती रस्त्याकडेच्या खडीत. पडले नाही, पण हातपाय लटलट कापत होते. बरोबरचा एक मुलगाही गळून गेला होता. दोघांनी सोडायचं ठरवलं. कांद्याच्या टेम्पोत सायकली टाकून पिंपळगावपर्यंत आलो आणि उजाडल्यावर तिथून हळूहळू सायकलने घरी.*

*दारात सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. ‘झाली का गं?’ माझ्या तोंडून ‘झाली’ निघून गेलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीने मला शाल-श्रीफळ दिलं.*

*पण खरा प्रश्न वेगळाच आहे. ऑगस्टमध्ये मनाली ते लेह आणि पुढे खारदुंगला अशी सायकल मोहीम आहे. मी आरडी मोडून २५ हजारांचा पहिला हप्ता भरलाय. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. ते अडवतील असं नाही, पण ‘तू काय आर्मीत आहेस का?’ म्हणतील. माझ्यासारख्या सामान्य बाईने असलं काही करावं का? आणि घरी कसं सांगू?*

*एक सायकलवाली, इंदिरानगर*

ताई,

‘सामान्य बाई’ हा मुद्दा आधी उरकून टाकू, त्यात फार काही नाही. काही वर्षं मी बीआरएमच्या रात्री कंट्रोल पॉइंटवर बसून कार्डांवर शिक्के मारले आहेत. (सायकल मला झेपत नाही, खुर्ची झेपते.) रात्री एक ते चारच्या दरम्यान तिथे येणारी माणसं बघितली की असामान्य असं काही दिसत नाही. वायरमन असतो, शाळेतल्या बाई असतात, अंबडच्या कारखान्यातला फिटर असतो. एकदा एक सोनार होता, त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लग्नाची ऑर्डर द्यायची होती आणि तो शिक्का मारून होईपर्यंत त्याचीच काळजी करत होता. चहा घेतात, केळं खातात, मोजे बदलतात, कुणी पाच मिनिटं भिंतीला टेकून घोरतो आणि उठून अंधारात निघून जातो. ४०० ला २७ तास मिळतात, ६०० ला ४०. सरासरी काढली तर ताशी पंधरा. एवढ्या वेगाने आपल्याकडे दूधवालाही सायकल हाणतो. अवघड असतं ते दिवस मावळल्यावरही हाणत राहणं.

आणि नाशिककरांना हे नव्याने सांगायला नको. महाजन बंधूंनी, दोघंही डॉक्टर, २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. जवळपास ४,८०० किलोमीटरची ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. मात्र त्यांचं नाव घेऊन ‘बघा, तुम्हालाही जमेल’ असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रांतून ते नाव इतक्या वेळा तेवढ्याचसाठी वापरून झालंय की त्यातली उपयोगाची गोष्ट मागेच राहते. त्या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागून क्रूची गाडी चालते. खायचं काय, झोपायचं कधी, वळायचं कुठे, हे त्या गाडीतली माणसं बघतात. चार दिवस धड न झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर कुणी विसंबत नाही, त्याच्या स्वतःच्या तर नाहीच. पण क्रूला कळायला सायकलवरच्या माणसाने खरं सांगावं लागतं. गुडघा दुखतोय तर दुखतोय. समोर रस्त्यात नसलेलं जनावर दिसतंय तर दिसतंय.

म्हणून आता ‘झाली’ या शब्दाकडे येतो. ‘पण खरा प्रश्न वेगळाच आहे’ असं तुम्ही लिहिलंत तिथे मी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे. मला तो वेगळा वाटत नाही.

राहुड घाटाच्या अलीकडे तुम्ही जे केलंत ते मला तुमच्या २०० आणि ३०० पेक्षा मोलाचं वाटतं. जरा हिशोब मांडू, तुमचा प्रांतच आहे. सकाळी सहाला निघाला असाल तर २७ तास दुसऱ्या दिवशी नऊला संपतात. अडीच वाजता तुमच्याकडे साडेसहा तास होते आणि ९० किलोमीटर बाकी. सहा तास सायकलिंग, अर्धा तास शिल्लक. कागदावर बसत होतं! अशा वेळी ‘बसतंय की’ म्हणून माणूस पुढे रेटतो आणि त्या अर्ध्या तासात झोप बसत नाही हे विसरतो. आग्रा रोडवर रात्री कंटेनरची रांग लागलेली असते. सायकल डावीकडे खडीत उतरली, उजवीकडे गेली असती तर मला हे पत्र आलं नसतं. गणित जुळत असताना तुम्ही पाय टेकलात. अशी अक्कल सुचायला कित्येकांना दोन-तीन अपघात लागतात.

एवढा शहाणपणाचा निर्णय घेतलात आणि घरी येऊन नेमका तोच लपवलात. उरलेल्या नव्वदातले शेवटचे तीसेक तर तुम्ही उजाडल्यावर चालवलेतही.

खोटं बोललात म्हणून मी कान धरायला बसलेलो नाही. समोर औक्षणाचं ताट असताना ‘नाही झाली’ म्हणायला दगडाचं काळीज लागतं. माझी काळजी पूर्णपणे व्यवहाराची आहे आणि ती ऑगस्टबद्दलची आहे. उंचीवरच्या आजाराचं निदान सुरुवातीला तुमच्या बोलण्यावरच होतं. डॉक्टर त्यासाठी लेक लुईस नावाची एक मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार प्रश्न आहेत: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, थकवा किती, गरगरतंय का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी धरून बेरीज तीन किंवा जास्त झाली की उंची बाधली असं समजायचं. हे चारही प्रश्न तोंडी आहेत आणि उत्तरं तुम्हीच द्यायची आहेत. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ज्याच्या-त्याच्या बॅगेत असतं हल्ली, पण त्याला डोकेदुखी मोजता येत नाही. मोहिमेचा लीडर सकाळी तंबूशी येऊन ‘कसं वाटतंय?’ विचारेल तेव्हा सगळा ग्रुप चहाचे मग घेऊन उभा असेल. औक्षणाच्या ताटासारखाच प्रसंग तो. तुम्ही काय म्हणाल?

मी काय म्हणालो होतो ते सांगतो. पंधराएक वर्षं झाली, मित्रांबरोबर जीपने त्याच रस्त्याने निघालो होतो. अटल बोगदा तेव्हा नव्हता. पहाटे मनाली सोडली आणि रात्री सरचूच्या तंबूत. म्हणजे २,००० मीटरवरून एका दिवसात ४,२०० च्या वर. झिंगझिंगबारला चहा प्यायलो तेव्हाच कपाळ जड झालं होतं. ड्रायव्हरने आरशातून बघून विचारलं, ‘साब, ठीक हो?’ मी म्हटलं, ‘एकदम.’ आमच्या कंपूत मी ट्रेकर म्हणून मिरवायचो. साल्हेर, हरिहर, अलंग-मदन-कुलंग पालथे घातलेल्या माणसाने डोकं दुखतंय म्हणून गाडी थांबवायची? रात्री जेवलो नाही, सांगितलं भूक नाही. पहाटे तंबूबाहेर गेलो तर पाय प्यायल्यासारखे वेडेवाकडे पडत होते. ते मित्राने बघितलं म्हणून बरं, नाहीतर मी त्यावरही काहीतरी सांगितलं असतं.

तेव्हा सरचूची खोड कळली. तिथून खाली उतरायचं तरी आधी वर चढावं लागतं. मनालीकडे बारालाचा ही खिंड आडवी, जवळजवळ ४,९०० मीटर. लेहकडे नकीला आणि लाचुंगला या खिंडी, त्यातली दुसरी पाच हजारांच्या वर. बशीच्या तळाशी सापडल्यासारखं. मला तशा अवस्थेत बारालाचा ओलांडून केलाँगला न्यावं लागलं. उतरत गेलो तसा माणसात आलो. झिंगझिंगबारला तोंड उघडलं असतं तर सरळ उतार होता आणि पायथ्याशी जिस्पा होतं.

तुम्हाला वाटत असेल, हे सायकल न चालवणाऱ्याचं झालं, आपला दम चांगला आहे. दमाचा इथे उपयोग नाही. कमावलेल्या शरीरालाही उंची तितकीच बाधते, किंबहुना दमदार माणूस भराभर वर जातो म्हणून लवकर सापडतो. नाशिकमध्ये राहून उंचीचा सरावही होत नाही. आपण राहतो सहाशेच्या आसपास आणि महाराष्ट्राचा माथा म्हणजे कळसूबाई, १,६४६ मीटर. त्रास सुरू होऊ शकतो तो अडीच हजाराच्या पुढे. खारदुंगलाला हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा असतो. (त्या खिंडीच्या फलकावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट असं लिहिलेलं होतं. मोजली तेव्हा ती ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरली. आकडा फुगवणाऱ्यांत तुम्ही एकट्या नाही.)

म्हणून आयोजकांकडून एकच कागद मागा: कोणत्या रात्री मुक्काम कुठे आणि त्या जागेची उंची किती. रोज किती किलोमीटर हे त्यांनी ठळक छापलं असेल, ते बाजूला ठेवा. तिथे दिवसाला चाळीस-पन्नासच असतात, तुमच्यासाठी नाश्त्याआधीचं काम. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच काढावा, असा पर्वतीय वैद्यकातला सर्वसाधारण नियम आहे. दिवसा कितीही चढा, झोपायला कुठे येता ते मोजायचं. आता जिस्पा ३,२०० च्या आसपास आणि पुढचा तंबू झिंगझिंगबारला ४,२०० च्या वर असेल तर एका रात्रीत हजाराची उडी झाली. जिस्पाला दोन रात्री आहेत का? मधे पटसेवला थांबताय का? ‘सगळे असेच जातात’ असं उत्तर आलं तर माझ्या लेखी ते उत्तर नाही. आम्हीही सगळे तसेच गेलो होतो.

दुसरं विचारायचं ते लेखी विचारा. मधे एक दिवस गाडीत बसावं लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू देतात का? काही मोहिमांत गाडीत बसला तो बाद. असा नियम असला की माणसं डोकेदुखी लपवतात, हे सांगायला मोठा अनुभव लागत नाही. आणि सरचूहून रात्री कुणाला खाली न्यायची वेळ आली तर गाडी कोणती, ऑक्सिजन किती, खर्च कुणाचा. तुमच्या विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, पॉलिसीची बारीक अक्षरं एकदा वाचा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ईसीजी, स्ट्रेस टेस्ट सुचवतीलच. तुम्ही हिमोग्लोबिनचं आपणहून विचारा. बायका गुडघ्याचा एमआरआय काढतात आणि हे राहून जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. हवेत ऑक्सिजन निम्मा आणि तो वाहून नेणारं रक्तही पातळ, असं दुहेरी ओझं घेऊन चढू नका. आत्ता कमी निघालं तर ऑगस्टपर्यंत भरून काढायला वेळ आहे. डायमॉक्स वगैरे उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या ग्रुपमध्ये एकमेकांना वाटतात, त्या तशा घेऊ नका. त्याच डॉक्टरांना विचारा.

सरावासाठी पुन्हा रात्रीची ४०० काढायची गरज मला दिसत नाही. हौस म्हणून जरूर काढा, लेहसाठी नको. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट धरा. रविवारी दोनदा, हलक्या गिअरवर, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या संथ. सरचूच्या पुढे गाटा लूप्स नावाची २१ वळणं आहेत, तिथे हीच चाल लागते. आणि त्या घाटात एकदा मुद्दाम अर्ध्यावरून परत फिरा. पाय चांगले असताना, हवा छान असताना. माघारी वळताना मनात काय काय येतं ते बघा.

चीनच्या कान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरची डोंगरातली शर्यत होती. अचानक गारपीट आणि वारा सुटला. १७२ धावपटूंपैकी २१ जण गारठून दगावले आणि त्यांत त्या देशातले नावाजलेले धावपटूही होते. वाचलेल्यांत काही असे होते जे वेळेवर मागे वळले होते. त्यांना कुणी शाल दिली नसेल.

आता घरचं. मिस्टरांना आधी ४०० चं सांगा, लेहचं त्या दिवशी काढूच नका. दोन्ही एका दमात सांगितलंत तर कबुली ही परवानगीची लाच वाटेल. फार प्रस्तावनाही नको. ‘ती ४०० माझी पूर्ण झाली नव्हती. ३१० ला चालत्या सायकलवर झोप लागली, घाबरले, टेम्पोने पिंपळगावला आले. आईंच्या हातात ताट बघून नाही म्हणवलं नाही.’ एवढं बोलून गप्प बसा. ते आधी चिडतील, आणि माझा अंदाज असा की खोट्यावर कमी आणि रात्री अडीचला फोन केला नाहीस यावर जास्त. ते चिडणं ऐकून घ्या, ते तुमचंच आहे. शिवाय बीआरएमचे निकाल कुणालाही बघता येतात. आज ना उद्या मुलीने कौतुकाने शोधले आणि आईचं नाव सापडलं नाही, तर ते जास्त वाईट.

सासूबाईंना स्वयंपाकघरात सांगा, त्यांच्या भजनी मंडळासमोर नको. सून चारशे किलोमीटर सायकल चालवून आली, हे त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलेलं असणार. त्यामुळे सोसायटीला काय सांगायचं आणि सांगायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या. शाल परत करायचं नाटक करू नका. एका दिवसात ३१० किलोमीटर चालवणाऱ्या बाईला शाल द्यायला कुणाची हरकत नसते.

आठवड्याने लेहचा विषय काढा. आरडी तुमच्या पगारातली असेल तर पैसे तुमचे, तो वाद मी घालणार नाही. पण व्हाउचर न फाडता पेटीतून दिलेली रक्कम संध्याकाळी कॅश जुळवताना काय करते ते तुम्हाला मी सांगायला नको. पावती समोर ठेवा, मुक्कामांचा कागद समोर ठेवा आणि त्यांच्यावर एक काम सोपवा: रोज संध्याकाळी, फोन लागेल तिथून, त्यांनी ते चार प्रश्न विचारायचे आणि तुम्ही खरी उत्तरं द्यायची. त्या रस्त्यावर मधले काही दिवस रेंज मिळणार नाही, तेव्हा तेच प्रश्न तंबूतल्या जोडीदारणीने विचारायचे. ‘आर्मीत आहेस का?’ असं म्हणाले तर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथांचं नाव सांगा. आर्मीतलेच डॉक्टर, आपल्या नाशिकमध्ये होते. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय, २०१७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ ला, त्यांनीही ती अर्ध्यावर सोडली होती. निकालात त्यांच्या नावापुढे ‘डीएनएफ’, म्हणजे ‘पूर्ण केली नाही’, असं लागलं आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा उभे राहिले.

तुम्ही सरळ ‘जाऊ का?’ असं विचारलं नाहीत, तरी माझं मत देतो. जा. पण मे अखेरपर्यंत घरी हे बोलणं झालेलं नसेल तर यंदाचा ऑगस्ट सोडा, पंचवीस हजार बुडाले तरी. ज्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात ‘सोडली’ म्हणता येत नाही, ती सरचूला दहा अनोळखी लोकांसमोर म्हणेल यावर माझा विश्वास नाही. त्या तंबूत मी स्वतःला बघितलेलं आहे.

मुक्कामांचा कागद आला की मला पाठवा. कुठे उडी मोठी आहे तिथे पेन्सिलीने खूण करून परत देतो, ती आयोजकांना दाखवा. आणि त्या कांद्याच्या टेम्पोवाल्याने पैसे घेतले की नाही, ते तुम्ही लिहिलं नाहीत.